खाडी मोजत चला: दोघांनी, पाठीवर पिशवी घेऊन, मांडवा ते रेडी

दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे इतकं जवळ दिसतं की घरांवरची कौलं मोजावीत. फेरीबोट थोड्याच वेळात तिथे नेऊन सोडते. बोट टाळून रस्त्याने जायचं म्हटलं, तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागर गाठावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीलगतच्या रेडीपर्यंतचा सगळा किनारा असाच आहे. सह्याद्रीतून उतरलेली नदी समुद्राला भेटण्याआधी खाडी होते आणि किनारा तोडते. या प्रवासाचा आराखडा किलोमीटरवर आखला तर कोलमडतो. खाड्यांवर आखला की जुळून येतो.

मी चिपळूणची, नवरा सांगलीचा. आमच्या ओळखीतली काही जोडपी थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका असं तीन-तीन महिने पाठीवर पिशवी टाकून फिरून आली. त्यांच्या गप्पा ऐकताना वाटायचं, ही चाल आपल्या किनाऱ्यावर का नको? कोकणात सगळे येतात ते दोन रात्रींसाठी, गाडी घेऊन. आम्ही दोघांनी बिनपगारी रजा टाकली, २० जानेवारीला मांडव्याला उतरलो आणि ४६ दिवसांनी रेडीला पोचलो. स्वतःची गाडी नाही, भाड्याची नाही. एसटी, होडी, फेरीबोट, वडाप (माणशी भाडं घेणारी खासगी गाडी) आणि पाय. पुढे जे लिहिते आहे ते त्या ४६ दिवसांत आणि माझ्या माहेरच्या माणसांकडून शिकलेलं आहे.

कधी निघायचं, कुठल्या टोकाकडून

नोव्हेंबर ते मार्चचा पहिला आठवडा हा काळ धरा. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, गेटवे ते मांडवा लाँच बंद असते, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचे दिवस, पण उन्हात पाठीवर ओझं घेऊन चालवत नाही आणि बऱ्याच गावांत पाण्याची टंचाई असते. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी येतात. एसटीत उभं राहायला जागा नसते आणि घरगुती राहण्याच्या जागा मालकांच्याच पाहुण्यांनी भरलेल्या असतात. शिमगा बघायचा असेल तर एकाच गावात चार दिवस तळ ठोका, त्या दिवसांत प्रवास करू नका.

दिशा आम्ही चुकीची निवडली. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालो आणि जानेवारी संपता संपता वेळासला पोचलो. समुद्रकासवांची घरटी जाळीच्या कुंपणात राखून ठेवलेली होती, पण पिल्लं बाहेर यायला अवकाश होता. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालते आणि पिल्लं निघायला ५०-५५ दिवस लागतात. त्यामुळे वेळास-आंजर्ल्याला खरी वेळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. कासवं बघायची असतील तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रेडीहून निघा आणि उत्तरेकडे सरका, म्हणजे वेळासला फेब्रुवारीच्या अखेरीस पोचाल. कासवांचं फारसं नसेल तर आमचीच दिशा चांगली. दुपारनंतरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि तो पाठीशी राहतो.

निघण्यापूर्वी दोन चौकश्या नक्की करा. मालवणजवळ आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा असते. तिची तिथी ठरलेली नसते, गावकरी दरवर्षी तारीख काढतात आणि ती बहुधा फेब्रुवारीत येते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात खोली आणि गाडी दोन्ही मिळत नाही. दुसरी चौकशी आचऱ्याची. तिथे काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर रानात राहायला जातं. ते बघायला मिळणं हे भाग्यच, पण तेव्हा मुक्काम गावात होणार नाही हे ध्यानात ठेवा.

खाड्यांवरून आराखडा

एक कागद घ्या आणि त्यावर फक्त खाड्या लिहा. दोन खाड्यांमधला किनारा म्हणजे एक तुकडा. त्या तुकड्यात तीन ते सहा दिवस राहायचं, एक किंवा दोन ठिकाणी मुक्काम करायचा, आणि खाडी ओलांडण्याचा दिवस प्रवासाशिवाय दुसऱ्या कशासाठी ठेवायचा नाही. आमचं साधारण असं बसलं.

मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला लाँच जाते आणि तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोटही आहे. अलिबाग-रेवदंड्यात आम्ही तीन दिवस राहिलो. पुढे कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल आहे. पलीकडे कोर्लई, जिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळी बोली बोलतात. मग काशीद, नांदगाव, मुरूड. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं. इथे तीन दिवस.

मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे. ती नसती तर म्हसळ्याकडून मोठा वळसा पडला असता. दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असे चार दिवस. मग सावित्रीची बाणकोट खाडी, बागमांडल्याहून वेसवीला. इथे रत्नागिरी जिल्हा लागतो आणि माझ्या मते इथूनच किनारा खऱ्या अर्थाने निवांत होतो. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे यांना आम्ही सहा दिवस दिले आणि तेही कमी पडले. हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. लिलाव म्हणजे त्यांचा कामाचा वेळ, तेव्हा वाटेत उभं राहून फोटो काढत बसू नका. कोळथऱ्याला दोन दिवस थांबून दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडली.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असे पाच दिवस. तवसाळहून जयगडला फेरी, म्हणजे शास्त्री नदी. जयगड-मालगुंडला तीन, रत्नागिरी शहरात तीन. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर आता पूल आहेत, त्यामुळे भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे एसटीने सहज होतं. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वरला पाच. आचरा ते मालवण पाच. शेवटचे चार भोगवे, वेंगुर्ले, शिरोडे यांना.

उत्तरेकडच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. ते झाले की आराखडा बदलेल. तोपर्यंत फेरीबोटींचं वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या, त्यातही शेवटच्या फेरीची वेळ. आम्ही तवसाळला संध्याकाळी उशिरा पोचलो आणि समोर जयगडचे दिवे दिसत असताना बोट बंद झालेली होती. एका घरात काकूंनी पडवीत चटई घातली, कुळथाची पिठी आणि भात वाढला. सकाळी पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. ती आठवण आम्हाला फार प्रिय आहे, पण कुणाच्या अंगणात रात्री असं जाऊन उभं राहावं लागू नये, म्हणून हे सांगते आहे.

तिथीवरून भरती काढायला शिका

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हे. माझे आजोबा घड्याळ न बघता भरती सांगायचे. हिशोब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारच्या आसपास एक भरती आणि दुपारी साडेचारच्या आसपास दुसरी. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. कालनिर्णयात तिथी असतेच. अर्धा-पाऊण तास, कधी तासभर इकडेतिकडे होतं. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा आहे. दक्षिणेला जाल तशी भरती जरा लवकर येते आणि पाण्याची चढउतारही कमी होते. मालवणची भरती अलिबागच्या भरतीच्या निम्मीसुद्धा वाटत नाही.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार हलत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर उधाणाची ओहोटी हवी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेसात-पावणेआठला पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं. आम्ही त्याच दिवशी सकाळी किल्ल्यात गेलो, ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी परत फिरून तास होण्याच्या आत किनाऱ्याला लागायचं. गप्पांत वेळ गेला तर होडीने यावं लागतं.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्राकाठच्या खडकांवरून फिरते. ती ओहोटीलाच करायची. तिथे माणसं लाटेने ओढली गेली आहेत. पुजारी किंवा दुकानदार "आता नको" म्हणाले की मुकाट्याने मागे फिरा, दुसऱ्या दिवशी जा. तुमच्याकडे दिवस आहेत, दोन रात्रींसाठी आलेल्यांकडे नसतात.

हेदवीला उलटं. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ खडकात बामणघळ आहे, एक लांब अरुंद चीर. भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि टोकाला आपटून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर कोरडा खडक दिसेल आणि लोक का कौतुक करतात ते कळणार नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी अकराच्या आधी अर्धा तास तिथे पोचा. घळीच्या कडेवर मात्र उभे राहू नका, खडक शेवाळाने निसरडा असतो.

छोट्या होड्यांनाही हेच लागू. तळाशीलहून सर्जेकोटला किंवा देवबागहून कर्लीच्या पलीकडे जाताना ओहोटी असेल तर गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. आणि होडीचा प्रवास सकाळीच उरका. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, नाही म्हणाला तर पैसे वाढवून देऊ नका. त्याचं नाही हे नाहीच समजा.

पाठीवर काय

निघताना माझ्या पिशवीचं वजन ११ किलो होतं, नवऱ्याच्या १४. श्रीवर्धनहून आम्ही अकरा किलो सामान टपालाने घरी पाठवलं. पुढे माझ्याकडे ६ आणि त्याच्याकडे ८ राहिलं, आणि तेच बरोबर वजन आहे.

तीन जोड कपडे, त्यातला एक अंगावर. जीन्स नको, खाऱ्या हवेत ती दोन दिवस वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्या. तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, होडीत अंगावर घेता येतो. पायात पट्ट्याच्या मजबूत सँडल, कारण वाळू, चिखल आणि जांभा या तिन्हींवर बूट त्रास देतात. दोरी आणि कपड्यांचे चिमटे. एक टॉर्च प्रत्येकी, कारण वाडीतल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, रात्री दिवे नसतात. आधार कार्ड, पैसे आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. तंबू नेला होता, तोही त्या अकरा किलोंत परत गेला. राहायला घरं मिळतात, तंबूची गरज पडत नाही.

सामान दोघांत वाटताना एक चूक टाळा. औषधं एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे असं करू नका. दोघांकडे दोन्ही थोडं थोडं असू द्या. मुरूडला नवरा तांडेलाशी बोलत बंदरावर राहिला आणि मी बाजारात, माझ्याकडे पाकीट नव्हतं आणि त्याच्या फोनला रेंज नव्हती. तास गेला.

एसटी

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. म्हणजे जोडप्याला दोन माणसांचा प्रवास दीड तिकिटात. "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास लांब पल्ल्याला चांगला, पण या प्रवासात रोजचं अंतर १५-३० किलोमीटर असतं, पास वसूल होत नाही. साधी तिकिटं काढा.

खरं कसब गाड्या शोधण्यात आहे. गावात संध्याकाळी येऊन रात्रभर उभी राहणारी आणि पहाटे परत निघणारी वस्तीची गाडी ही किनाऱ्यावरची सगळ्यात भरवशाची सोय. ज्या गावाला दिवसातून तीनच गाड्या आहेत तिथे वस्तीची धरली की सकाळी आठच्या आत तालुक्याला पोचता येतं. वेळा मोबाइलवर शोधण्यापेक्षा आगारातल्या चौकशी खिडकीवर विचारा आणि वहीत लिहून घ्या. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी अशी आगारं वाटेत आहेत. शाळेच्या वेळेच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी नसतात, हे रविवारी हमखास विसरायला होतं.

रेल्वेचा भरवसा किनाऱ्यासाठी ठेवू नका. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे समुद्रापासून बरीच आत डोंगराच्या बाजूने जाते. पण घरून तातडीचा फोन आला, कुणी आजारी पडलं, तर ती उपयोगी. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी जवळचं स्टेशन कागदावर लिहून ठेवा: दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मग रत्नागिरी, राजापूर रोड, देवगडसाठी वैभववाडी किंवा कणकवली, मालवण-वेंगुर्ल्यासाठी कुडाळ. सासूबाईंना आम्ही तो कागद देऊन आलो होतो. त्यामुळे त्यांची काळजी निम्मी झाली.

राहणं आणि जेवण

शनिवार-रविवारी अलिबाग, काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली या गावांत राहू नका. मुंबई-पुणे-कोल्हापूरहून गर्दी येते आणि खोल्यांचे दर चढतात. ही गावं सोमवार ते गुरुवारच्या वाट्याला ठेवा आणि शनिवार-रविवार कोळथरे, पूर्णगड, आडिवरे, भोगवे अशा गावांत काढा. हा एकच नियम पाळला तरी खर्चात मोठा फरक पडतो. आम्ही दोघांचा मिळून दिवसाला २,००० रुपये ही मर्यादा धरली होती. ती मोडली ती फक्त दोन शनिवारी, आणि दोन्हीही नियम मोडल्यामुळे.

घरगुती निवासाला आदल्या दिवशी फोन करा. चार रात्री राहणार असाल तर ते आधी सांगा, दर कमी होतो आणि तिसऱ्या दिवसापासून तुम्ही पाहुणे राहत नाही. मग घावणे करताना काकू स्वयंपाकघरात बोलावतात. जेवण सकाळी नऊ-दहाच्या आत सांगायचं. ही हॉटेलं नाहीत, माणसं मोजून नारळ फोडला जातो. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा. कुठल्या घरात मासे चालतात, कुठल्या नाही, तेही आधी विचारा. केळशी-आंजर्ले-गुहागरच्या पुष्कळ आगरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांतल्या घरांत, शाकाहारीच स्वयंपाक असतो आणि तो इतका चांगला असतो की मासे आठवत नाहीत. डाळिंब्यांची उसळ, सांदणं, फणसाची भाजी, वर आमसुलाचं सार. मालवणकडे मग वडे-सागोती, तिसऱ्या (शिंपल्या), बांगड्याचं तिखलं. सोलकढी दोन्हीकडे, पण प्रत्येक घराची वेगळी.

ओळखपत्र दोघांचंही मागतात. मी माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे दोन ठिकाणी विचारणा झाली. लग्नाच्या दाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवला की प्रश्न मिटतो. लग्न झालेलं नसेल तर ते फोनवरच सरळ सांगा. काही घरं नाही म्हणतील, काही हो म्हणतील. दारात पोचून परत फिरण्यापेक्षा ते बरं.

पैशांचं थोडक्यात: फोनवरून पैसे देणं जवळपास सगळीकडे चालतं, पण डोंगराच्या कुशीतल्या गावांत रेंज जाते. दोघांकडे मिळून तीन दिवसांची रोख ठेवा, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. पैसे काढायचे ते तालुक्याच्या गावीच.

दोघांचं

यावर फारसं कुणी सांगत नाही. ४६ दिवस चोवीस तास एकमेकांसोबत आम्ही लग्नाच्या सहा वर्षांत कधीच राहिलो नव्हतो. नोकरी, घर, नातेवाईक यांच्यामध्ये आपण एकमेकांना तुकड्यातुकड्यांनी भेटत असतो. इथे ते सगळं नव्हतं.

पहिल्या दहा दिवसांत आम्ही भांडलो ते जवळजवळ दरवेळी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान. नंतर लक्षात आलं की तेव्हा ऊन असतं, पोट रिकामं असतं आणि गाडी चुकलेली असते. मग ठरवलं, साडेबाराला जिथे असू तिथे खायचं. पिशवीत चणे-गूळ कायम. आणि जेवण होईपर्यंत पुढचा बेत या विषयावर बोलायचं नाही. भांडणं थांबली असं म्हणणार नाही, पण त्यांचं कारण निदान खरं असायला लागलं.

दुसरं, एकाला किल्ले हवेत आणि दुसऱ्याला माणसं. नवरा किल्ल्यांचा वेडा. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किनाऱ्यावरचे चार किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे त्याच्या उत्साहाला सीमा नव्हती. मला आगरांत, बाजारात, देवळाच्या ओसरीवर बसायचं होतं. एकमेकांच्या मागून फरफटत जाण्याने दोघांचाही दिवस जातो. आम्ही आठवड्यातून दोन अर्धे दिवस वेगळे घालवले. विजयदुर्गला तो दिवसभर तटावर होता आणि मी एका मावशींसोबत कोकमं वाळत घालत होते. संध्याकाळी दोघांकडे सांगायला काहीतरी होतं. लग्नात ही गोष्ट कधी हरवली ते कळलं नव्हतं.

बायकांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगते. स्वच्छतागृहाची खात्री फक्त मोठ्या एसटी स्थानकांत आणि मुक्कामाच्या घरी. म्हणून निघण्याची वेळ त्यावर ठरवायला लाजू नका. पॅड तालुक्याच्या बाजारात मिळतात, वाड्यांत नाही, दोन महिन्यांचे जवळ ठेवा. पाळीच्या दिवसांत आम्ही हलत नव्हतो, तेवढे दिवस एकाच घरी. आराखड्यात ते धरूनच चला. काही घरांत अजून शिवाशिव पाळतात. मी त्या घरांशी वाद घातला नाही, पण तिथे मुक्काम वाढवलाही नाही.

आणि घर. मागे राहिलेली आईवडील मंडळी हा प्रवासाचाच भाग आहे. रोज रात्री साडेआठला एक फोन, दोन मिनिटांचा, ठिकाण आणि उद्याचा बेत सांगणारा. रेंज नसेल तर यजमानांच्या फोनवरून. गॅस बंद, हप्त्यांची सोय, किल्ली शेजारी, एवढं झालं की डोकं मोकळं.

तब्येत आणि धोके

विंचू. कोकणातला लाल विंचू जिवावर बेततो. सकाळी चप्पल, बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, जांभ्याच्या गडग्यांवर हात टेकवून बसू नका, लाकडाच्या राशीत हात घालू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण फार कमी झालं. पण औषध वेळेत मिळालं तर. घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की मंत्र-उताऱ्यांत वेळ न घालवता जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. साप चावला तरीही तेच. रुग्णवाहिकेसाठी १०८.

समुद्रात कमरेच्या पुढे जाऊ नका, आणि ओहोटीला तर उतरूच नका. स्थानिक पोरं जिथे पोहतात तिथेच पाण्यात जा. मोकळ्या सुंदर पुळणीवर कुणीच पोहत नसेल तर त्याला कारण असतं. माडाखाली बसू नका, झोपू तर मुळीच नका, नारळ कधी पडेल सांगता येत नाही.

रत्नागिरी-राजापूरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, सकाळी दहानंतर तापतो आणि सावलीला झाड नसतं. पण कातळशिल्पं, म्हणजे कातळावर खोदलेली जुनी चित्रं, तिथेच आहेत: कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. ऊन तिरपं असताना खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि चित्र दिसतं, भर दुपारी सगळा कातळ सपाट वाटतो. माणशी दोन लिटर पाणी न्या. आणि रेषांवर पाय ठेवू नका, चपलेनेही त्या झिजतात.

रेडीला पोचल्यावर

शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली. तिथून वेळागरच्या किनाऱ्याने रेडीच्या दिशेने जाणं हा आमचा शेवटचा पायी टप्पा. रेडीला यशवंतगड बघा, गणपतीचं दर्शन घ्या. शिरोड्याहून सावंतवाडीला एसटी मिळते आणि सावंतवाडी रोडहून संध्याकाळी दादरला जाणारी तुतारी एक्सप्रेस आहे. परतीचं तिकीट आधी काढू नका. आम्ही काढलं होतं आणि त्या तारखेपायी वेंगुर्ल्याचे दोन दिवस गेले. मालवणला पोचलात की मग काढा.

रजा उरली असेल तर रेडीहून तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत रस्ता जातो. किल्ला गोव्याचा, नदीच्या अलीकडे. खाली जेटी आहे आणि फेरीबोट पलीकडे केरीला लागते. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या.